बुधाआजाच्या हातचं पाणी

माझा जन्म झाला तेव्हा सुईणीनं ओसरीवर येऊन ‘मुलगा झाला’ असं सांगितलं, आणि आजीनं तिला तिथल्या तिथं दुरुस्त केलं. ‘मुलगा नाय गो, ते आले,’ असं म्हणून तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मगच ती मला पाहायला आत गेली. हा प्रसंग आईच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो मला डोळ्यांनी पाहिल्यासारखा दिसतो. सुईणीच्या कोपरापर्यंत लागलेलं तेलसुद्धा दिसतं. जो जीव नुकताच जन्मून आत रडत पडला होता त्याला ओसरीवरचं दिसलं कसं, हा प्रश्न मला पुष्कळ उशिरा पडला. एकदा पडल्यावर मात्र त्यानं आजतागायत माझी पाठ सोडलेली नाही.

‘ते’ म्हणजे माझे आजोबा, जोमाजी. माझ्या जन्माआधी थोडेच महिने ते तापानं गेले होते. आमच्या घरात एक रीत होती. गेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ घातली की घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं त्याच्या अंगावर एका जागी काजळाचं बोट लावायचं. पुढं घरात मूल जन्मलं आणि त्याच जागी डाग दिसला, की माणूस आपल्या घरी परत आला असं समजायचं. आजीनं आजोबांच्या डाव्या दंडावर बोट टेकवलं होतं, आणि माझ्या डाव्या दंडावर वालाएवढा काळा तीळ निघाला. झालं! बारशाला नाव शोधायचं कामच उरलं नाही. मी जोमा झालो, किंवा घरातल्यांच्या हिशेबी जोमाच राहिलो.

आमचं गाव डोंबिवलीच्या अलीकडं, खाडीच्या काठी. आम्ही मिठागरं पिकवणारी माणसं. दिवाळी झाली की भरतीचं पाणी चढणाऱ्या खाजणात कोंड्या तयार करायच्या, म्हणजे चिखलाचे चौकोनी वाफे बांधून त्यांचा तळ पायांनी चोपून चोपून घट्ट करायचा. बाया-माणसं ओळीनं उभी राहून पाय आपटत, आणि तो धपधप आवाज सकाळी घरापर्यंत येई. मग भरतीचं पाणी आत घ्यायचं, ते उन्हानं आटवायचं, आणि तळाला बसलेलं मीठ फावड्यानं ओढून राशी करायच्या. घरात सगळ्या वस्तूंना मिठाचा वास असे. मिठाला वास नसतो असं मला पुढं कल्याणच्या शाळेत एका मास्तरांनी शिकवलं. मी मान डोलावली, पण मनातून मानलं नाही. जेवायला तांदळाची भाकरी, वांग्यात घातलेला जवळा, आणि ओहोटीला कुणी चिखलात उतरलं असेल तर निवट्यांचं कालवण नाहीतर चिंबोऱ्या.

चिंबोरीची मोठी नांगी माझ्या ताटात पडे, कारण ती आजोबांच्या ताटात पडत असे. त्याच न्यायानं भाजलेला सुका बोंबीलही पडे. मला तो मुळीच आवडत नसे, पण आजी दारामागून म्हणे, ‘खावा ना, तुमाना आवरतं ते,’ आणि मला तो आवडतो असं समजून मी खात असे. आई मला ‘बाबा’ म्हणे. सासऱ्याचं नाव सून कसं घेणार? वडील तापट होते, भावंडांना फोकानं झोडपून काढत, पण माझ्यावर त्यांचा हात कधी उठला नाही. एकदा मी शेजाऱ्याची होडी सोडून दिली तेव्हा त्यांनी फोक उचलला, मग खाली टाकला आणि चक्क हात जोडून म्हणाले, ‘आता या वयान तरी असा वागू नका.’ गावातली पोरं मला छळायची ती याच गोष्टीवरून. ‘जोम्या, घरी जा, तुझी बायको भाकरी घेऊन बसलीय’ असं ओरडून पळत. मी दगड मारी, आणि मारून झाल्यावर एकटाच रडे.

हसण्यासारखं होतं हे सगळं, आज मीही हसतो. पण एक गोष्ट मला तेव्हा फार दुखत असे. माझी चुलत भावंडं संध्याकाळी आजीच्या मांडीवर लोळत, ती त्यांच्या डोक्यातल्या उवा काढी, पाठीत धपाटे घाली, ‘मेल्या, मुडद्या’ म्हणे. मी जवळ गेलो की ती सावरून बसे, पदर ओढी, आणि ‘अवो, काय पायजे?’ असं खाली मान घालून विचारी. घरात सगळ्यांना आजी होती, मला तेवढी नव्हती. एक शिवी मिळावी म्हणून जीव तडफडणारा मुलगा त्या पंचक्रोशीत मी एकटाच असेन.

आता बुधाआजाविषयी सांगतो. बुधाजी हा आजोबांचा धाकटा भाऊ. आमची घरं एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना होती, पण कुंपणात वाट नव्हती. दोघे भाऊ तरुण असताना एकदा मोठं उधाण आलं. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायला आणि अडवायला बांधात लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. आजोबांनी बुधाजीला उघाडीवर राखणीला बसवलं होतं. तो झोपला. पाण्याच्या जोरानं दार निखळलं, बांध फुटला, आणि सगळ्या हंगामाचं मीठ पाण्यातून आलं तसं पाण्यात गेलं. आजोबांनी गावासमोर खाडीचं पाणी हातात धरून शपथ घेतली, ‘मरंन, पन तुज्या हातचा पानी पिनार नाय.’ ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली. लग्नकार्यात दोघे एका पंक्तीला बसत, पण बुधाजी तांब्या घेऊन आला की आजोबा फुलपात्रावर हात ठेवत.

हे मी आज सांगतो आहे ते दुसऱ्यांचं ऐकून. लहानपणी मात्र मी ते स्वतःचं म्हणून सांगत असे. पाहुणे आले की वडील मला ओसरीवर बसवत आणि म्हणत, ‘सांगा, बांध कसा फुटला.’ मी डोळे मिटून सांगे. गुडघ्यापर्यंतचा गार चिखल, वाऱ्यानं विझलेली मशाल, मुंब्र्याच्या डोंगराखालून आगगाडीची लांब शिट्टी, आणि तिच्या मागोमाग फळ्या मोडल्याचा कडाडा. बाया तोंडाला पदर लावत. मी काही बनवून सांगत नव्हतो, हे वाचकांनी समजून घ्यावं. मला खरोखर आठवत होतं. चिखल आठवताना पाय गार पडत.

एकदा मिठाच्या राशी गवतानं शाकारताना वडील जुन्या गोष्टी काढून बसले होते. पलीकडून गाडी गेली, तिच्याकडं बघत ते सहज म्हणाले, ‘पयली गारी आली तवा मी चार पावला टाकीत व्हतू. आयच्या कडेवर बसून पाह्यलेली. लोकांनी नारल फोरले, म्हनत व्हते राक्षस आला.’

मी विचारलं, ‘आणि बांध फुटला तेव्हा?’

‘तवा? तवा मी पोटान व्हतू. तुमानाच ठाव ना ते,’ असं म्हणून वडील हसले आणि पुन्हा गवत पसरू लागले.

माझे हात मात्र थांबले. बांध फुटला तेव्हा वडील पोटात होते. गाडी आली ती त्यानंतर. मग माझ्या आठवणीत शिट्टी वाजली कुठून? इतके दिवस सगळ्या गावानं ती गोष्ट ऐकली होती, आणि शिट्टीपाशी कुणीच अडलं नव्हतं. ऐकणारे सगळे गाडीच्या काळातले झाले होते. मी घरी अंथरुणात पडून ती शिट्टी रोज ऐकत असे, आणि ती केव्हातरी आजोबांच्या वादळात जाऊन बसली होती. शिट्टी माझी होती. मग चिखलही माझाच असेल, कोंडी चोपतानाचा. मशाल शिमग्याची असेल. फळ्या मोडल्याचा आवाज कुणाच्या तरी पडवीचा. आणि बाकीचं आईनं मांडीवर घेऊन सांगितलेलं. त्यात आजोबांचं असं काय उरलं?

मला आधी हायसं वाटलं आणि लगेच भीती वाटली. मी आजोबा नाही, हे बरं झालं. पण मग मी कोण? हा प्रश्न मोठ्या माणसांना पडतो तो बहुधा पोट भरल्यावर, आणि प्रवचन संपल्यावर तो शालीच्या घडीत घालून घरी जाता येतो. मी आता राहतो तिथले एक शेजारी आहेत, ‘देह मी नव्हे, मन मी नव्हे’ असं ऐकून येतात आणि आमटी अळणी झाली म्हणून बायकोवर ओरडतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीही शहाणा झालो आहे अशातला भाग नाही. पण त्या पोरवयात मला तो प्रश्न तहानेसारखा लागला होता. दुपारी सगळे सावलीला पडले की मी बांधावर जाऊन बसे आणि आपल्यातलं काय काय आपलं आहे ते बघू लागे. नाव आजोबांचं. तीळ आजीच्या काजळाचा. बोंबील त्यांच्या आवडीचा. राग वडिलांचा, त्यांच्यासारख्याच माझ्याही नाकपुड्या फुगत. आठवणी ह्याच्या त्याच्या. कोंडीत जसं भरतीचं पाणी घ्यावं, तसं हे सगळं बाहेरून आत आलं होतं आणि माझं म्हणून साचलं होतं. एकेक बाजूला काढता काढता वाटे, आता शेवटी काहीच उरणार नाही. तसं होत नसे. बाजूला काढणारा कुणीतरी उरेच. त्याला पाहायला जावं तर मनात शब्द येई, ‘हा मी.’ आणि तो शब्द आला हे ज्यानं पाहिलं तो पुन्हा त्याच्याही मागं बसलेला असे. त्याला नाव नव्हतं, तीळ नव्हता. वारा पडलेला असे, बगळे चिखलात उभे असत, आणि मला अतिशय बरं वाटे. मन बडबडत असे, पण ती बडबड शेजारच्या घरातली वाटे. पुढं पुष्कळ पोथ्या वाचल्या, त्यात या जागेची मोठमोठी नावं वाचली. माझी ओळख मात्र बिननावाची झाली होती आणि ती तशीच राहिली.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगावं असं रोज मनात येई, कारण मी आजोबा नाही हे एकदा कळलं की आजी माझी आजी होईल, हा लोभ होता. पण मला हेही समजत होतं की तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, हातात बांगड्या नव्हत्या, आणि तरी ती बाकीच्या विधवांसारखी उदास नव्हती. तिचा नवरा घरात जेवत होता, वाढत होता. मला आजी मिळायची तर तिचा नवरा मरायला हवा होता. एवढं कळल्यावर पुढं बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला बुधाआजा आजारी पडला. एका दुपारी त्याची सून कुंपणापलीकडून वडिलांना हाका मारू लागली. वडील बाहेर गेले, मीही गेलो. ती रडत होती. ‘म्हाताऱ्याचा जीव अरकलाय, भावजी. अन्न सोरलाय, पन जीव जात नाय. दादाला बोलवा म्हनतंय. दादानं माज्या हातचा पानी घेतला की मी सुटलू, असा म्हनतंय.’

दादा म्हणजे मी. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते घाईनं मला घेऊन निघाले, तेव्हा मी त्यांना हात धरून थांबवलं आणि म्हणालो, ‘बाबा, मी आजोबा नाही.’

‘काय?’

‘मला बांधाचं काही आठवत नाही. ते सगळं माझ्या मनानं केलं. तेव्हा गाडी नव्हती आणि मी शिट्टी सांगतो. मी नुसता मी आहे.’

वडील माझ्याकडं बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांना मी दिसत असेन. मग हळूच म्हणाले, ‘ते मना नको सांगू. तिकडं म्हातारा तरफरतोय, त्याना काय सांगशील ते बघ.’

मागं दारात आजी उभी होती. तिनं किती ऐकलं ते मला कळलं नाही. ती पायरी उतरून आमच्याबरोबर चालू लागली. कुंपणात वाट नसल्यामुळं गावाला वळसा घालून, मिठागराच्या बांधावरून जावं लागे. ऊन रणरणत होतं. माझ्या मनात दोन जण भांडत होते. एक म्हणत होता, पी आणि मोठ्या मनानं माफ कर, सगळं गाव तुला नमस्कार करील. दुसरा म्हणत होता, मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलणार? पहिला लबाड होता हे मला दिसत होतं. पण दुसऱ्यालाही आपल्या खरेपणाची मोठी ऐट होती, हेही दिसत होतं. म्हाताऱ्याची आठवण दोघांनाही नव्हती.

बुधाआजा पडवीत खाटेवर होता. इतका वाळला होता की गोधडीखाली माणूस आहे असं वाटेना. आजी दारातच थांबली, त्या घराचा उंबरा तिनं कितीक वर्षांत ओलांडला नव्हता. सुनेनं म्हाताऱ्याला टेकून बसवलं आणि त्याच्या हातात फुलपात्र दिलं. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, ‘दादा, मी निजलू व्हतू. तू म्हनलास तेच खरा. राखनीला बसलू आन डोला लागला.’

मी वडिलांकडं पाहिलं. म्हातारा बोलतच राहिला.

‘कोनाला सांगितला नाय इतके वरसा. दार कुजका व्हता, असा सांगत ऱ्हायलू. मी निजलू व्हतू, दादा. पानी घेशील?’

त्याचा हात इतका कापत होता की पाणी गोधडीवर सांडत होतं. मी ते सांडणारं पाणी बघत होतो. मनातले ते दोघे त्या वेळी कुठं गेले कोण जाणे. उन्हातून आल्यामुळं घशाला कोरड पडली होती. मी पुढं झालो, म्हाताऱ्याच्या हाताखाली हात धरला, आणि त्या हातानंच फुलपात्र तोंडाला लावलं. पाणी माठातलं, गार होतं. सगळं प्यालो. आणि मग तोंडातून निघून गेलं, ‘आजा, अजून दे.’

आजोबा धाकट्या भावाला कधी आजा म्हणाले नसते. वडिलांनी दचकून माझ्याकडं पाहिलं. बुधाआजानं ऐकलं की नाही, सांगता येत नाही. सुनेनं पुन्हा पाणी ओतलं, त्यानं पुन्हा पाजलं, आणि मी पीत असताना तो माझ्या घशाच्या हालचालीकडं लहान मुलासारखा बघत राहिला. मग त्यानं मान मागं टेकली. ‘प्याला,’ एवढंच तो सुनेला म्हणाला. संध्याकाळच्या आत तो गेला.

त्याचा प्राण जायच्या आधीच आजी माझ्याबरोबर घरी निघाली होती. वडील तिथं थांबले. ती पुढं, मी मागं. बांधाच्या मध्यावर ती एकदम खाली बसली. मला वाटलं ऊन लागलं. मी जवळ गेलो तर ती मिठागराकडं बघत होती, पदर खांद्यावर घसरला होता आणि तिनं तो सावरला नाही.

‘ते असते तं प्याले नसते,’ ती म्हणाली.

मी उभाच राहिलो.

‘शेवटचे तापान बुधा असाच पानी घेऊन उभा व्हता. घसा सुकला व्हता त्यांचा, जीभ बाहेर आलेली. मी म्हनला, घ्या, आता तरी घ्या. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवला. तसेच गेले. मेले ते. तवाच मेले.’

आणि ती रडू लागली. इतकी वर्षं थांबवून धरलेलं रडणं होतं ते, छाती बडवून, नवऱ्याच्या नावानं मोठमोठ्यानं. बांधावर आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. मला तिची फार दया आली आणि फार अपराधी वाटलं. ते ओसरलं तेव्हा तिनं नाक पुसलं, माझा दंड धरून मला आपल्यासमोर खाली बसवलं, आणि माझ्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं.

‘मंग तू कोन रं, बाला?’

‘ठाव नाय, आजी,’ मी म्हणालो.

‘मेल्या,’ ती म्हणाली, ‘इतके दिस बोलला का नाहीस?’ आणि माझं डोकं ओढून तिनं मांडीवर घेतलं. मला रडू फुटलं. माझं मन रडत होतं की मी, हे पाहायला त्या वेळी आत वेगळं कुणी बसलेलं नव्हतं.